जेवणाच्या टेबलावरचा बोर्ड

माझं आणि माझ्या नवऱ्याचं पहिलं भांडण पाऊण इंचावरून झालं. तेव्हा तो माझा नवरा नव्हता. पुण्यातल्या एका संस्थेत आम्ही दोघंही नुकतेच नोकरीला लागलो होतो. हवामानाचे अंदाज, तेलाच्या विहिरी, धरणांच्या भिंती असली अवाढव्य गणितं करायला मोठा कॉम्प्युटर हवा होता. बाहेरून तो मिळत नव्हता, म्हणून आपणच बनवायचा असं ठरलं होतं. एकच बलाढ्य प्रोसेसर घडवणं आमच्या आवाक्यात नव्हतं. त्यामुळे पुष्कळ लहान प्रोसेसर शेजारीशेजारी बसवायचे, गणिताचे तुकडे करून त्यांच्यात वाटून द्यायचे आणि प्रत्येकानं शेजाऱ्यांशी बोलत बोलत आपला तुकडा सोडवायचा, अशी ती रचना होती. आज हे कोणालाही ठाऊक असतं. तेव्हा आम्हाला ते सांगताना ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर शंका दिसायची.

माझं काम बोर्डावरच्या रेघा आखायचं. प्रोसेसरची पाटी म्हणजे बोर्ड, आणि त्यावरच्या तांब्याच्या बारीक रेघांमधून सगळे संदेश जातात. रेघ जेवढी लांब तेवढा संदेश उशिरा पोचतो. हा उशीर सेकंदाच्या अब्जाव्या भागात मोजायचा असतो, पण यंत्र बिघडायला तेवढा पुरतो. म्हणून मला सगळे बोर्ड कॅबिनेटमध्ये एकमेकांना खेटून हवे होते. तो थंडाव्याचं काम बघायचा. त्याला दोन बोर्डांच्या मध्ये पाऊण इंच जागा जास्त हवी होती, कारण खालून पंख्यांनी ढकललेली हवा वरच्या रांगेपर्यंत पोचेतो गरम होत होती.

"तुझ्या रेघांना घाई आहे म्हणून माझे प्रोसेसर भाजायचे का?" मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर त्यानं विचारलं.

"तुझ्या हवेला आळस आहे म्हणून माझं यंत्र हळू चालवायचं का?" मी म्हटलं.

साहेबांनी आम्हाला बाहेर जाऊन भांडा म्हणून सांगितलं. बाहेर गेल्यावर तो मला कॅबिनेटपाशी घेऊन गेला, उदबत्त्यांचा पुडा काढला आणि खालच्या जाळीत चार उदबत्त्या खोचून पंखे सुरू केले. धूर बोर्डांच्या मधून वर चढताना दिसत होता, आणि एका कोपऱ्यात तो घुटमळून मागे फिरत होता. "तिथं बघ. तिथला प्रोसेसर मरणार," तो म्हणाला. तेवढ्यात स्टोअरमधले काका आले. त्यांना वाटलं आम्ही यंत्राची पूजा करतोय. त्यांनी चपला काढून नमस्कार केला.

शेवटी तडजोड झाली. अंतर माझ्या म्हणण्याप्रमाणे राहिलं, पण प्रत्येक बोर्डाच्या त्या कोपऱ्यात त्याला एक भोक मिळालं. त्यात प्लास्टिकची पट्टी बसवून तो हवेला वळण देणार होता. भोक नेमकं माझ्या रीसेटच्या रेघेवर आलं. यंत्र सुरू होताना सगळ्या चिप्सना 'आता शून्यापासून सुरू करा' असा हुकूम ज्या रेघेतून जातो ती रीसेटची रेघ. ती उचलून, भोकाला वळसा घालून, आतल्या थरात उतरवून, पलीकडून पुन्हा वर काढावी लागली. तेव्हा पहिले बोर्ड आम्ही हातानं आखायचो. खालून उजेड येणारं काचेचं टेबल, त्यावर पारदर्शक फिल्म, आणि फिल्मवर चिकटवायच्या काळ्या बारीक पट्ट्या. एका भोकापायी मला आठवडाभराचं काम पुन्हा करावं लागलं. तो रोज चहा घेऊन यायचा आणि टेबलापासून लांब उभा राहायचा. एकदा माझ्या हातून फिल्मवर चहा सांडला होता, ते त्याला कोणीतरी सांगितलं होतं.

लग्न झालं. बोर्डाची दुसरी आवृत्ती आखताना मी गरोदर होते. पोट टेबलाच्या कडेला लागायचं म्हणून मी तिरकी उभी राहून पट्ट्या चिकटवायचे. यंत्र पहिल्यांदा पूर्ण चाललं, त्यानंतर थोड्याच दिवसांत मुलगी झाली. यंत्रावर पहिली चाचणी आम्ही घेतली होती ती लोखंडाच्या पत्र्याची: एका कडेला विस्तव धरला तर उष्णता पत्र्यात कशी पसरत जाईल, त्याचं गणित. प्रत्येक प्रोसेसरकडे पत्र्याचा एक चौकोन होता. कागदावर आकडे उमटले तेव्हा नवरा म्हणाला, "पत्रासुद्धा माझ्याच खात्यातला निघाला." मला आठवतं, मी इतकी हसले की माझी पाठ धरली.

पुढं जे झालं ते अशा सगळ्याच जागी होतं. बाहेरचे तयार प्रोसेसर दर वर्षी इतके वेगवान व्हायला लागले की स्वतः बोर्ड आखण्यात अर्थ राहिला नाही. पुढची यंत्रं तयार बोर्डांची झाली. आमचा गट पांगला. नवऱ्याला तळोज्याला मासळीच्या कोल्ड स्टोरेजचं काम मिळालं, मी नवी मुंबईत एका कंपनीत साधे बोर्ड आखायला लागले, आणि आम्ही नवीन पनवेलला फ्लॅट घेतला. हवामानाचं गणित थंड ठेवणारा माणूस आता कोळंबी थंड ठेवत होता. त्याबद्दल तो कधी कुरकुरला नाही. मुलीला तिथं घेऊन जायचा. दारावर धुराची कांडी धरून हवा कुठून गळते ते तिला दाखवायचा. ती घरी आली की तिच्या केसांना मासळीचा वास यायचा आणि मी दोघांना बाथरूममध्ये पिटाळायचे.

ती आमच्यासारखीच निघाली. चिप डिझाइनमध्ये गेली, बेंगळुरूला लागली. आम्ही ज्या रेघा डोळ्यांनी बघून आखल्या त्या तिच्या कामात एका नखाएवढ्या चिपवर मावतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. लग्नाचं तिनं एकदाच आणि स्पष्ट सांगितलं होतं, "आई, मला नाही करायचं, आणि मी दुःखी नाहीये." गेली काही वर्षं तिचं बरंचसं काम घरून चालायचं, त्यामुळे ती महिनोन्‌महिने पनवेललाच असायची. तिची खोली, तिचे दोन स्क्रीन, तिच्या मीटिंगा. मी भाजी आणायला बाजारात निघाले की आतून आवाज यायचा, "आई, कवठं दिसली तर आण!"

एक दिवस ती खोलीतून धावतच आली. तिच्या एका मित्रानं कळवलं होतं की आमच्या जुन्या संस्थेनं गोदामातलं सामान लिलावात काढलं, आणि त्यातली काही कॅबिनेटं आपल्याकडेच, पनवेलजवळच्या कोन गावात, एका भंगारवाल्याच्या गोडाऊनमध्ये येऊन पडली आहेत.

"तुमचं यंत्र असेल, बाबा!"

"असेल," नवरा म्हणाला. "असू दे." आणि पेपर वाचत राहिला. पण रविवारी सकाळी आम्ही दोघी तयार होण्याआधी तो बूट घालून बसला होता.

गोडाऊन हायवेच्या कडेला होतं. मालक पन्नाशीचा, तिथलाच. तिथं पूर्वी त्यांचं भाताचं शेत होतं, असं त्यानं सांगितलं. आमची कॅबिनेटं मागच्या बाजूला, फ्रिजच्या सांगाड्यांशेजारी उभी होती. निळा रंग अजून तसाच होता. दारं निघालेली, आत बहुतेक खाचा रिकाम्या. सोन्याचा मुलामा असतो म्हणून बोर्ड आधीच कोणीतरी ओढून नेले होते. नवऱ्यानं आत हात घातला आणि खालची जाळी चाचपली. बोटाला काळं लागलं ते त्यानं रुमालाला पुसलं. 

मुलगी मात्र थेट आत शिरली. मोबाइलचा उजेड पाडत एकेक खाच बघत गेली आणि सगळ्यात खालून तिनं एक बोर्ड ओढून काढला. "हा राहिलाय! चिप्ससकट!"

"ताई, न्या तुमी," मालक म्हणाला. "ह्याचा आमाला काय उपेग नाय. पण करनार काय ह्याचा?"

"चालू करणार."

तो हसला. मग आमच्याकडे बघून त्यानं विचारलं, "तुमी बनवलेला हाय का हा?"

मी हो म्हटलं. त्यानं बोर्ड मुलीच्या हातातून घेतला, आपल्या सदऱ्याच्या बाहीनं पुसला आणि परत दिला. मुलगी म्हणाली, "दादा, असाच आणखी एक सापडला तर ठेवाल? एकटा बोर्ड काय करणार, ह्याला शेजारी लागतो."

"बगतो. तिकडच्या ढिगान असंल तर बगतो."

घरी आल्यावर बोर्ड जेवणाच्या टेबलावर गेला आणि आम्ही स्वयंपाकघरात ओट्यापाशी स्टुलांवर बसून जेवायला लागलो. शनिवार-रविवार बापलेक टेबलावर वाकलेले असायचे. तिनं जुन्या बोर्डाशी बोलण्यासाठी एक लहानसं जोडकार्ड बनवलं. त्यात तिचाच प्रोग्राम होता. संदेशांची लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप तिनं ऑनलाइन मागवला. फुगलेले कपॅसिटर काढून नवे घातले. मला त्यात फारसा रस नव्हता, हे खरं. मी त्या रेघा आयुष्यभर पाहिल्या होत्या. पण मला तो आवाज आवडायचा. ती ओरडायची, "बाबा, श्वास रोखून धर ना, टेबल हलतंय!" आणि तो म्हणायचा, "हवा बंद केली तर भाजशील."

एकदा तिनं मला हाक मारून बोलावलं. बोर्ड उजेडात तिरका धरला आणि नखानं एक नागमोडी रेघ दाखवली. "ही अशी का गं? सरळ गेली असती की."

"शेजारची लांब आहे. दोन्ही संदेश एकाच वेळी पोचायला हवेत, म्हणून हिला मुद्दाम फिरवलंय."

"हे तू पट्ट्या चिकटवून केलंस?"

"हो. तुला पोटात घेऊन."

तिनं त्या रेघेवरून पुन्हा नख फिरवलं. मग म्हणाली, "आमच्याकडे हे सॉफ्टवेअर करतं. मी नुसतं एंटर दाबते." आणि माझ्या दंडाला नाक घासून पुन्हा कामाला लागली.

बोर्डाला वीज मिळत होती, चिप्सना ताल देणाऱ्या घड्याळाचे ठोके पडत होते, पण प्रोसेसर उत्तर देत नव्हता. तिला रीसेटचा संशय आला होता. तिनं ऑसिलोस्कोपचा प्रोब, म्हणजे तारेच्या टोकाचा तो लहान चिमटा, प्रोसेसरच्या रीसेटच्या पिनेवर लावला आणि म्हणाली, "आता राहू दे. डोकं दुखतंय. पुढच्या शनिवारी."

गणपती येऊन गेले होते. अधूनमधून पाऊस, मधेच ऊन. संध्याकाळी तिला ताप आला. आमच्या सोसायटीत आणखी दोघांना डेंग्यू झालेला होता, म्हणून रक्त लगेच तपासलं, आणि डेंग्यूच निघाला. डॉक्टरांनी पाणी, विश्रांती, रोज रक्त तपासणी सांगितली. आम्ही सगळं केलं. पपईच्या पानांचा रस शेजारणीनं आणून दिला, तोही तिनं तोंड वाकडं करून प्यायला. मग ताप उतरला. सकाळी उठून ती म्हणाली, "आई, बरं वाटतंय. मऊ भात कर, वर तूप." मला इतका आनंद झाला की मी देवापुढे निरांजन लावलं. ताप उतरतो तेव्हाच हा आजार उलटू शकतो, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि मला ते माहीत होतं, पण तूप मागणाऱ्या मुलीकडे बघून ते आठवत नाही. भात होईपर्यंत तिच्या पोटात दुखायला लागलं. हात गार पडले. रिक्षातून आम्ही तिला हॉस्पिटलमध्ये नेलं, तेव्हा ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती आणि बाबांना सांगत होती की लॅपटॉप चार्जिंगला लावलाय, तो काढ.

आयसीयूबाहेर तिच्या शाळेतले मित्र आले, रक्त द्यायला रांग लागली. डॉक्टर पोरं जीव तोडून राबत होती, मी पाहिलं आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यातली एक मुलगी बाहेर आली, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि तिनं माझे दोन्ही हात धरले. तिनं काही सांगायच्या आधीच नवरा उठला आणि जिन्याकडे चालायला लागला. तो कुठं निघाला होता ते त्यालाही माहीत नव्हतं. तळमजल्यावर पार्किंगमध्ये तिच्या मित्रांना तो सापडला.

नंतरच्या दिवसांबद्दल मी फार लिहू शकत नाही. लोक येत होते, जात होते. आप्ट्याला नदीवर जाऊन अस्थी सोडून आलो. तिच्या ऑफिसनं फार चांगलं पत्र पाठवलं आणि काही आठवड्यांनी लॅपटॉप न्यायला माणूस पाठवला. तो मुलगा दारात अवघडून उभा होता. लॅपटॉपच्या कडेला तिनं कवठाचं एक चित्र चिकटवलं होतं, ते खरवडून काढायचं माझ्या मनात आलं. पण ते फाटलं असतं, म्हणून तसंच दिलं.

टेबल तसंच होतं. बोर्ड, जोडकार्ड, ऑसिलोस्कोप, आणि तिनं लावलेला तो चिमटा. मी त्याच्यावर एक जुनी चादर टाकली. पाहुण्यांना वाटायचं खाली पापड-बिपड वाळत घातलेत. आम्ही ओट्यापाशीच जेवत राहिलो.

मग दिवाळीनंतर एका दुपारी बेल वाजली. दारात कोनचा तो गोडाऊनवाला. हातात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी.

"ताई हायत का घरान?" तो म्हणाला. "त्यांना सांगितलेला ना, दुसरा बगतो म्हणून. गावला. त्यांनी पत्ता दिलेला."

मी दार धरून उभी राहिले. ही बातमी मी तोवर कोणाला स्वतः सांगितली नव्हती. सांगायची वेळच आली नव्हती, सगळ्यांना कळतच गेलं होतं. आता समोर एक माणूस होता ज्याच्यासाठी ती अजून घरात होती. मला वाटलं, त्याला म्हणावं, ती बाहेर गेली आहे. तो जाईल, आणि कोनच्या त्या गोडाऊनमध्ये ती तशीच राहील.

"ती गेली," मी म्हटलं. "डेंग्यू झाला होता."

त्याला आधी कळलंच नाही. "कुठं गेल्या?" मग माझा चेहरा बघितला आणि तो दारातच खाली बसला. गोणपाट मांडीवर घेऊन. मी आत या म्हटलं तरी आला नाही. "आमाला माहीत नाय ओ काकी," एवढंच दोन-तीनदा म्हणाला. आतून नवरा आला. त्यानं गोणपाट उघडलं. बोर्ड आमचाच होता, पण त्यावरच्या सगळ्या चिप्स उपटून काढलेल्या होत्या. कामाचा नव्हता. नवऱ्यानं तो दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, "अगदी हाच हवा होता तिला." गोडाऊनवाल्यानं मान डोलावली आणि डोळे पुसले. पाणी पिऊन तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून आले, तर टेबलावरची चादर घडी घालून खुर्चीवर ठेवलेली होती आणि नवरा चष्मा कपाळावर सारून बोर्डावर वाकला होता.

माझा इतका संताप झाला की मला माझाच आवाज ओळखू येईना. "झाक ते."

"अर्धं राहिलंय तिचं."

"तिचं सगळंच अर्धं राहिलंय! ते काय काय पुरं करणार आहेस? आणि झालं चालू, तर दाखवणार कोणाला?"

"कोणालाच नाही," तो म्हणाला. "मला दुसरं काही येत नाही गं. तू तिच्या कपड्यांना इस्त्री करतेस. मी बघतोच ना रोज. मी काही म्हणतो?"

ते खरं होतं. तिचे सदरे मी धुऊन इस्त्री करून कपाटात ठेवत होते आणि पुन्हा काढून धूत होते. तो बघत असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी आत जाऊन पलंगावर पडले. त्या दिवशी आम्ही दोघंही जेवलो नाही.

पुढचे कित्येक दिवस तो काम करत होता, आणि मी त्या खोलीतून जाताना भिंतीकडे बघत जात होते. पण मला कळत होतं की तो अडलाय. रीसेटचा हुकूम जोडकार्डातून निघत होता आणि बोर्डात कुठंतरी हरवत होता. कुठं, ते शोधायला प्रोब एकेका ठिकाणी लावून बघावा लागतो, आणि त्याच्याकडे प्रोब एकच होता. तो तिनं लावला होता तिथंच होता. नवरा त्याच्या आजूबाजूनं साध्या मल्टिमीटरनं चाचपडत होता.

एका सकाळी मी चहा घेऊन गेले आणि तिथंच उभी राहिले.

"काढावा लागेल," मी म्हटलं.

"माझ्यानं नाही होत."

मी कप लांब, खिडकीत ठेवला. चिमटा फार लहान असतो. मागून दाबला की टोक उघडतं. तिची बोटं सडपातळ होती, माझी सांध्यांत सुजलेली आहेत. पहिल्यांदा तो सुटला नाही. दुसऱ्यांदा सुटला. काही झालं नाही. बोर्ड होता तसाच, पंखा फिरत होता, खाली भाजीवाला ओरडत होता. नवऱ्यानं तोंड फिरवून घेतलं होतं. मी चिमटा हातात धरून म्हटलं, "सांग, कुठं लावू?"

मग मी बसले. बोर्ड हातात घेतल्यावर माझ्या बोटांना वाट आपोआप आठवायला लागली. रेघ कनेक्टरपासून निघते, डावीकडे जाते, आणि त्याच्या त्या भोकाला वळसा घालायला आतल्या थरात उतरते. "तुझ्या भोकापाशी बघ," मी म्हटलं. त्यानं भिंगातून बघितलं. तिथं जुन्या कपॅसिटरमधून गळलेल्या रसायनानं हिरवा गंज चढला होता, आणि रेघ जिथं खाली उतरते तिथंच खाल्ली गेली होती. अलीकडे हुकूम येत होता, पलीकडे पोचत नव्हता. गोडाऊनवाल्यानं आणलेल्या बोर्डावरची बारीक तार आम्ही काढली आणि तुटलेल्या जागेवरून पूल केला. सोल्डरिंग मी केलं. 

वीज दिली. तिच्या जोडकार्डावरचा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. आत तिनं काय लिहिलंय ते आता कोणीच वाचू शकणार नाही, मूळ प्रोग्राम लॅपटॉपबरोबर गेला. पण ते चालत होतं. नवऱ्याच्या स्क्रीनवर एक ओळ आली. प्रोसेसर उत्तर देत होता. मग त्याची मेमरी तपासून झाली, एक चिप सोडून सगळ्या धड होत्या.

"अगं, लाव फोन तिला!" नवरा म्हणाला.

आणि मी फोन उचलला. खरंच उचलला. तिचं नाव सगळ्यात वर असायचं, ते शोधायला माझा अंगठा वर सरकला. मग आम्ही एकमेकांकडे बघितलं. त्याच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं होतं, ते उतरवायचं कसं हे त्याला कळत नव्हतं. मी फोन उलटा ठेवला. त्यानं वीज बंद केली, खुर्ची मागे सारली आणि टेबलावर डोकं ठेवून तो रडला. ती गेल्यापासून मी त्याला पहिल्यांदाच असं रडताना बघत होते. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. पुष्कळ वेळानं तो म्हणाला, "चहा गार झाला असेल." मी म्हटलं, "दुसरा करते."

पत्र्याची चाचणी त्यानं पुन्हा लिहून पाहिली. एकट्या बोर्डावर पत्र्याचा एकच कोपरा मावला. आकडे बरोबर आले. आता तो कधी कधी सकाळी ते लावून बसतो. मी इस्त्री करते. आम्ही एकमेकांना काही म्हणत नाही.

मागच्या महिन्यात आमच्या मजल्यावर नवं कुटुंब राहायला आलं. नवरा-बायको दोघंही तरुण, पुण्याकडचे. लिफ्टमध्ये त्या मुलीनं सहज विचारलं, "काका-काकू, तुम्हाला मुलं?"

मी तोंड उघडण्याआधी नवरा म्हणाला, "एक मुलगी. बेंगळुरूला असते."

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. मजल्यांचे आकडे बघत राहिला. त्या मुलीला कधी ना कधी खरं कळणारच आहे, खालच्या वॉचमनलाही माहीत आहे. मला बोलायला हवं होतं. पण ती मुलगी इतक्या आपुलकीनं विचारत होती, "हो का? काय करते?"

"चिप डिझाइन," मी म्हटलं. "फार हुशार आहे."